यरुशलेमची वर्गणी : शांती, तयारी आणि सहसेवा



ख्रिस्ती जीवनात शांती, तयारी आणि मिळून केलेली सेवा या तीन मूल्यांचा उच्चार वारंवार होतो. पण तो बहुधा वेगवेगळ्या दिवशी होतो. शांतीचा संदेश नाताळात ऐकू येतो. तयारीचा उपदेश त्याआधीच्या आगमनकाळात होतो. सेवेची आठवण दवाखान्याच्या किंवा वसतिगृहाच्या वर्धापनदिनी निघते. बायबलमध्ये ही मूल्ये अशी वाटून दिलेली नाहीत. तिथे शांती ही आधीच्या तयारीतून आणि अनेकांच्या कष्टांतून उभी करावी लागते. तिन्हींपैकी एक जरी गळले तरी उरलेल्या दोहोंचे रूप बिघडते. हे ज्या एका घटनेत सर्वांत स्पष्ट दिसते ती म्हणजे पहिल्या शतकाच्या मध्यावर पौलाने यरुशलेममधल्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी. प्रवचनांत ती क्वचितच येते. दमिष्काच्या वाटेवर पौलाला आलेला अनुभव सर्वांना ठाऊक असतो, प्रीतीवरचा त्याचा अध्याय लग्नात वाचला जातो. पण याच पौलाने कित्येक वर्षे एका निधीची काळजी वाहिली, त्यासाठी माणसे नेमली, प्रवासाची दिशा बदलली आणि त्याच प्रवासाच्या शेवटी तो कैद झाला, हे मागे पडते.

त्या वर्गणीपर्यंत पोहोचण्याआधी जुन्या कराराची वाट थोडी चालावी लागते, कारण पौल ज्या शास्त्रांवर वाढला ती तीच होती.

प्रथम शांती. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा, सरदार, कारागीर आणि लोहार यांना पाडाव करून नेले. मागे राहिलेल्यांत हनन्या नावाचा एक संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असे सांगत होता. लोकांना ते गोड लागले. यिर्मयाने मात्र बाबेलमधल्या बंदिवानांना एक पत्र पाठवले. त्यात त्याने त्यांना घरे बांधायला, बागा लावायला, मुलामुलींची लग्ने करायला सांगितले. मुक्काम सत्तर वर्षांचा आहे हे स्पष्ट केले. आणि ज्या शहराने त्यांना गुलाम केले त्याच शहराचे कल्याण साधण्यास व त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले, कारण त्या शहराच्या सुखशांतीतच त्यांची सुखशांती होती. शत्रूच्या राजधानीसाठी प्रार्थना! प्राचीन जगात असे पत्र लिहायला किती धैर्य लागले असेल? हाच यिर्मया अन्यत्र पुढाऱ्यांवर ठपका ठेवतो, की ते लोकांच्या जखमेवर वरवर मलम लावून सारे काही ठीक आहे असे सांगतात. खोट्या शांतीची घोषणा आणि खऱ्या शांतीसाठी लावलेली झाडे, या दोहोंतला फरक त्याच्या पुस्तकात पानोपानी आहे. यशया आणि मीखा या दोघांकडे तलवारींचे नांगराचे फाळ होण्याचे चित्र आहे. तेही लोहाराच्या भट्टीतले, घणाच्या घावांचे चित्र आहे. तलवारी आपोआप वितळत नाहीत.

मग तयारी. तयारीचे बायबलमधले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मिसरातला योसेफ. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा घेतला, नगरानगरांत धान्याची कोठारे भरली आणि दुष्काळाच्या सात वर्षांत देश जगवला. रविवारच्या शाळेत ही गोष्ट इथे थांबते. उत्पत्तीच्या पुस्तकात ती थांबत नाही. सत्तेचाळिसाव्या अध्यायात तेच कोठारातले धान्य लोकांना विकत घ्यावे लागते. आधी त्यांचा पैसा संपतो, मग गुरेढोरे जातात, मग जमिनी जातात, आणि शेवटी लोक स्वतःच फारोचे दास होतात. जीव वाचला, स्वातंत्र्य गेले. बायबल हे लपवत नाही. तयारी अचूक होती, पण तिची मालकी एकट्या राजाकडे होती. ती सर्वांची नव्हती. दूरदृष्टीचे कौतुक करताना हा अध्याय वगळणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होय.

याच्या उलट उदाहरण नहेम्याचे. इ. स. पू. ४४५ च्या सुमारास तो शूशन राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमचा तट मोडला आहे, वेशी जळून गेल्या आहेत ही बातमी त्याला हिवाळ्यात, किसलेव महिन्यात मिळाली. राजापुढे विषय निघाला तो निसान महिन्यात, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी. हे महिने त्याने उपास आणि प्रार्थनेत घालवले; पण राजाने काय हवे असे विचारताच त्याने जी मागणी केली ती पाहता, त्या काळात तो पूर्ण आराखडा मनात तयार करत होता हे उघड आहे. किती काळ लागेल ते त्याने सांगितले. नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांसाठी परवान्याची पत्रे मागितली. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडांसाठी पत्र मागितले. यरुशलेमला पोहोचल्यावर तीन दिवस तो गप्प राहिला, आणि मग रात्री मोजकी माणसे घेऊन खोरेवेशीतून बाहेर पडला. सोबत फक्त त्याच्या बसण्याचे जनावर होते. पडक्या दगडांच्या ढिगाऱ्यांतून ते जनावर पुढे जाईना इतकी पडझड होती. ही पाहणी झाल्यावरच तो लोकांशी बोलला.

त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय नुसत्या नावांचा आहे, म्हणून वाचणारे तो टाळतात. तो टाळू नये. त्यात याजक मेंढरेवेस बांधतात. सोनार बांधतात, सुगंधी तेले करणारे बांधतात, व्यापारी बांधतात. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुली तटावर काम करतात. अनेक जण आपापल्या घरासमोरचा भाग उचलतात. तकोवा गावच्या लोकांनी एक भाग बांधला, शिवाय दुसराही बांधला. पण त्यांच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही, हेही तिथे नोंदलेले आहे. चांगल्या कामाच्या इतिहासात कोण आले नाही हे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा या पुस्तकात आहे.

आणि काम ऐन भरात असतानाच नहेम्यापुढे एक वेगळाच प्रश्न आला. बांधणाऱ्यांनी तक्रार केली, की धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत, राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे, मुलेमुली दास्यात जात आहेत. आणि सावकार दुसरे कोणी नसून आपलेच भाऊबंद आहेत. बाहेर तटाच्या कामाचे विरोधक सनबल्लट आणि तोबीया हल्ल्याची तयारी करत होते. अशा वेळी, आधी तट पुरा होऊ द्या, मग पाहू, असे म्हणणे सोपे होते. नहेम्याने तसे केले नाही. त्याने सभा भरवली, आपण आणि आपली माणसेही कर्जाऊ पैसा व धान्य देतो हे कबूल केले, आणि शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज परत करण्याची शपथ सर्वांना घ्यायला लावली. स्वतः सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही. तट बावन्न दिवसांत पूर्ण झाला. त्या बावन्न दिवसांमागे चार महिन्यांची तयारी होती, सोनारांचे आणि मुलींचे हात होते, आणि परत केलेली शेते होती.

नव्या करारात ही तिन्ही मूल्ये एकाच माडीवरच्या खोलीत भेटतात. लूक सांगतो की, वल्हांडणाच्या भोजनाची तयारी करायला येशूने पेत्र आणि योहान यांना पुढे पाठवले. पाण्याची घागर घेऊन जाणारा माणूस भेटेल, त्याच्या मागे जा, अशी खूणही दिली. योहान सांगतो की, त्या रात्री जेवताना येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, आणि त्यांनीही एकमेकांचे पाय धुवावेत असे बजावले. त्यानंतरच तो त्यांना आपली शांती देऊन ठेवण्याविषयी बोलतो. आधी तयारी, मग सेवा, मग शांती. त्याच खोलीत पैशांची थैली सांभाळणारा यहूदा होता, आणि तो उठून गेला तेव्हा इतरांना वाटले की, गरिबांना काही द्यायला त्याला पाठवले असावे. सेवेच्या पैशाला किती जपावे लागते, हे आद्य मंडळीला पहिल्याच रात्री कळले.

आता ती वर्गणी. यरुशलेमची पहिली मंडळी आपली मालमत्ता एकत्र करून राहिली. बर्णबाने आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. पण रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात अशी कुरकुर लवकरच सुरू झाली. उपाय म्हणून सात जण निवडले गेले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच वाटप करणारे निवडले गेले असावेत. भांडण मिटवण्याचा याहून शहाणा मार्ग कोणता? पुढे क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला. अगब नावाच्या संदेष्ट्याने तो येणार असे आधी सांगितल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत गोळा केली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियात पाठवली. हा शौल म्हणजेच पौल.

त्यानंतर मोठा वाद उभा राहिला. यहूदी नसलेले लोक ख्रिस्ती झाले तर त्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळायचे की नाही? यरुशलेमला बोलणी झाली. तिथले पुढारी याकोब, पेत्र आणि योहान यांनी पौल व बर्णबा यांना उजवा हात दिला: एकांनी यहूद्यांकडे जावे, दुसऱ्यांनी परराष्ट्रीयांकडे. अट एकच, गरिबांची आठवण ठेवावी. पौल लिहितो की, ते करायला तो आधीपासूनच उत्सुक होता. या एका अटीतून वर्गणी जन्मली. म्हणजे तिचे मूळ दयेत जेवढे आहे तेवढेच तहात आहे. दोन पक्षांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचे ठरवले, आणि भाकरीच्या धाग्याने एकमेकांशी बांधलेले राहायचे ठरवले.

गलतीया, मासेदोनिया आणि अखया या रोमी प्रांतांतल्या मंडळ्यांत हे काम काही वर्षे चालले. करिंथकरांना पौलाने पद्धत घालून दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ करून गोळा करायला नको. पैसे नेणारी माणसे मंडळीनेच पसंत करावीत. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर; मंडळीत गुलाम होते, मजूर होते, थोडे श्रीमंतही होते. गुलामाला महिन्याची मिळकत कुठली? पण आठवड्याला एखादे नाणे तो बाजूला ठेवू शकत होता. ही पद्धत त्याच्यासाठी होती. मोठ्या देणगीदारावर सगळे टाकले असते तर निधी लवकर जमला असता, पण तो करिंथच्या मंडळीचा झाला नसता.

करिंथकरांचा उत्साह टिकला नाही. पौलाशी त्यांचे बिनसले, दुखावणारी पत्रे गेली, आणि वर्गणी थंडावली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे हे दोन अध्याय याच अवघड प्रसंगी लिहिलेले आहेत. मासेदोनियाच्या मंडळ्या कंगाल असूनही त्यांनी शक्तीबाहेर दिले आणि देण्याची संधी मिळावी म्हणून विनवणी केली, हे पौल करिंथकरांना कळवतो. पण जबरदस्ती करत नाही. कोणावर ओझे पडून दुसऱ्याला आराम मिळावा असा हेतू नाही, समानता यावी हा हेतू आहे, असे तो समजावतो: आज यांच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून यांची. यासाठी तो रानातल्या मान्न्याची आठवण देतो, जिथे पुष्कळ गोळा करणाऱ्याला जास्त झाले नाही आणि थोडे गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही.

या अध्यायांत व्यवहारही तितकाच बारकाईने आहे. आपला सहकारी तीत याला तो पुढे पाठवतो, सोबत दोन भाऊ देतो. त्यांपैकी एक मंडळ्यांनी निवडलेला आहे. कारण उघड सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष ठेवू नये, आणि व्यवहार प्रभूपुढे तसा माणसांपुढेही स्वच्छ दिसावा. ही माणसे आधी जाण्याचे आणखी एक कारण आहे. मासेदोनियाचे लोक पौलाबरोबर आले आणि करिंथकर तयार नाहीत असे दिसले, तर सगळ्यांचीच मान खाली जाईल. तयारी ही इथे दुसऱ्याच्या अब्रूची काळजी आहे. प्रेषिताला आपल्या सचोटीचा पुरावा द्यावा लागावा का? पौलाला त्यात कमीपणा वाटला नाही. ज्यांना आजही तो वाटतो त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

सुमारे इ. स. ५७ मध्ये करिंथहूनच त्याने रोमकरांस पत्र लिहिले. त्याला रोमला जायचे होते, तिथून पुढे स्पेनला. करिंथहून रोम पश्चिमेला आहे. आणि तो निघाला पूर्वेला, यरुशलेमकडे, जिथे त्याचे शत्रू होते. रोमकरांकडे त्याने दोन गोष्टींसाठी प्रार्थना मागितली: यहूदियातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी, आणि ही सेवा यरुशलेमच्या पवित्र जनांना मान्य व्हावी. दुसरी विनंती मनाला भिडते. देणगी घेणारे ती नाकारतील अशी भीती! कारण परराष्ट्रीयांचा पैसा स्वीकारणे म्हणजे परराष्ट्रीयांना भाऊ मानणे होते. वर्गणी स्वीकारली गेली तर तह पक्का होणार होता.

वाटेत त्याच्यासोबत जे होते त्यांची नावे प्रेषितांच्या कृत्यांत दिलेली आहेत: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख व सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक व त्रफिम. प्रांताप्रांतांतली माणसे. पैसा एकट्याच्या हाती पाठवणे सोपे होते; पण दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना पाहणे हाच तर उद्देश होता. कैसरियात फिलिप्पाच्या घरी, म्हणजे त्या सातांपैकी एकाच्या घरी मुक्काम पडला. तिथे अगब आला, दुष्काळ सांगणारा तोच अगब, आणि पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून पुढे काय होणार ते त्याने दाखवले. सगळ्यांनी विनवले तरी पौल थांबला नाही.

यरुशलेमात याकोबाने आनंदाने स्वागत केले, पण अफवांची काळजीही सांगितली आणि नवस केलेल्या चार गरीब भावांचा खर्च पौलाने उचलावा असे सुचवले. पौलाने तेही मानले. तरीही काही दिवसांत मंदिरात दंगल उसळली. त्रफिम या परराष्ट्रीयाला पौलाने मंदिरात आणले असा संशय होता. म्हणजे ज्या माणसाला दोन समाज जोडायला आणले होते त्याच्याच निमित्ताने आग पेटली. रोमी शिपायांनी पौलाला वाचवले आणि बेड्या घातल्या. कैसरियात फेलिक्स सुभेदारापुढे त्याने आपल्या लोकांसाठी दाने घेऊन आल्याचे सांगितले. फेलिक्स पुढे त्याला वारंवार बोलावत राहिला, कारण लाच मिळेल अशी त्याला आशा होती. लाच मिळाली नाही. दोन वर्षे पौल तुरुंगात राहिला आणि रोमला पोहोचला तो कैदी म्हणून. वर्गणीचे पुढे काय झाले याविषयी बायबल एक शब्दही बोलत नाही.

ही वर्गणी फसली असे म्हणता येईल का? तसे म्हणणे घाईचे आहे. आठवड्याला बाजूला काढलेला वाटा, निवडून दिलेले वाहक, उघडा हिशेब आणि अनोळखी भावासाठी पदरमोड, ही रीत मंडळीत राहिली. ती कुठे कुठे पोहोचली याचे एक उदाहरण मिझोरामचे. तिथे १९१० पासून ख्रिस्ती स्त्रिया रोज तांदूळ शिजायला टाकण्यापूर्वी त्यातला मूठभर बाजूला काढतात. त्याला बुहफाय थाम म्हणतात. घराघरांतल्या या मुठी मंडळीत गोळा होतात, विकल्या जातात आणि त्यावर सेवेची कामे चालतात. रोख पैसा जवळ नसलेल्या स्त्रीला दाता करणारी ही पद्धत करिंथच्या गुलामाला दिलेल्या पद्धतीची सख्खी बहीण आहे.

महाराष्ट्रात हेच मूल्य केडगावला दिसले. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात दुष्काळातच आईवडील गमावले होते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत स्त्रियांसाठी सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्याला गेले. सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत ठरावीक मुदतीचीच होती हे जाणून त्यांनी मुदत संपण्याआधीच पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली, विहिरी खणल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या, तेव्हा त्यांना उतरवायला ही जमीन होती. आधी विहीर नसती तर नुसत्या कळवळ्याने त्यांना पाणी कुठून मिळाले असते? १९०० च्या दुष्काळानंतर केडगावला उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसते पोसणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. त्यांनी शेती केली, माग चालवले, तेल काढले, गुरे सांभाळली, छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले मराठी बायबल त्याच छापखान्यात तयार झाले. १९२२ मध्ये बाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. योसेफाच्या कोठारात आणि केडगावच्या मळ्यात हाच फरक आहे: इथे दुष्काळातून आलेली बाई दासी झाली नाही, कामात भागीदार झाली.

मंडळ्यांमधल्या तहाचेही एक उदाहरण याच राज्यातले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. चाळीस वर्षे लोक बसून बाप्तिस्म्याच्या, बिशपपदाच्या प्रश्नांवर बोलत राहिले, आणि शेवटच्या टप्प्यावर एक मोठी मंडळी बाजूला झाली तरी बाकीचे थांबले नाहीत. ही चिकाटी शांतीच्या कामात लागतेच. तरीही आज मराठी ख्रिस्ती समाजात रोमन कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि नव्या स्वतंत्र मंडळ्या एका गावात राहून एकमेकींच्या अडचणीला उभ्या राहत नाहीत, हे दुर्दैवाने खरे आहे. दुष्काळात टँकर येतो, पुरात घरे जातात, दवाखान्याचे बिल थकते. मदत आपापल्या मंडळीच्या यादीपुरती फिरते. पौलाच्या वर्गणीला असे कुंपण नव्हते. ती मुद्दाम कुंपणापलीकडे गेली.

म्हणून या सभेत बसलेल्या पंचांना, खजिनदारांना आणि पाळकांना एक विनंती. पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्च मांडण्यापूर्वी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय मोठ्याने वाचावेत. त्यानंतर हिशेब मांडावा, आणि त्यात शेजारच्या, वेगळ्या पंथाच्या मंडळीतल्या गरजूंसाठी एक स्वतंत्र रकाना असावा. ती रक्कम घेऊन जायला दोघांना निवडून द्यावे, आणि त्या दोघांनी ती स्वतः जाऊन हातात द्यावी.